चावीची आगगाडी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला तीन वेळा फोन केला. "तुझ्या त्या गाड्यांवर लिही, पण किंमती लिहू नकोस, बायका वाचणार आहेत," हा त्यातल्या एकाचा सल्ला. माझ्या घरी हा सल्ला उशिरा पोहोचला. मी १९७९च्या तुकडीचा. भुसावळात वाढलेल्या मुलाला आगगाडीचं वेड असणं यात सांगण्यासारखं काही नाही. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील रेल्वेत होते आणि उरलेल्या निम्म्यांची झोप यार्डातल्या शंटिंगने मोडत होती. पण खऱ्या गाडीचं वेड असलेला माणूस जपानी खेळण्यातल्या गाड्यांकडे कसा वळला, हे विचारणारे खूप भेटतात. त्यांना मी दरवेळी थोडं खोटं उत्तर देत आलो. या लेखात खरं उत्तर आहे. ते येईपर्यंत थोडा इतिहास सोसावा लागेल. आपल्या इतिहासाच्या बाई हा अंक वाचणार आहेत असं कळलं, म्हणून सनावळ्या दोनदा तपासून घेतल्या आहेत.

१९९२ साली कंपनीने मला नागोयाला पाठवलं. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात सहा महिन्यांचं प्रशिक्षण, असं ठरलं होतं. राहिलो अकरा वर्षं. रविवारी करायला काही नसायचं. क्योतोला तोजी नावाचं मोठं देऊळ आहे, तिथे दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो. लोणची, जुने किमोनो, रोपं, गंजलेली हत्यारं, सगळं. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त कोणी ओरडत नाही. तिथे एका चटईवर मला पत्र्याचं एक इंजिन दिसलं. लाल-काळं, पुढे गायी बाजूला सारायची जाळी, खिडकीत छापलेला गोरा ड्रायव्हर. त्या क्षणी मला भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली शहाबादी फरशी आठवली. का, ते पुढे सांगतो.

जपानची रेल्वे खेळण्यापासूनच सुरू झाली, हे मला त्या बाजारानंतर वाचायला लागल्यावर समजलं. बाई शिकवायच्या की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्याच १८५३ सालच्या ऑगस्टमध्ये पुत्यातिन नावाचा रशियन अॅडमिरल नागासाकीच्या बंदरात आला आणि त्याने जहाजावर जपानी पाहुण्यांना एक लहानसं वाफेचं इंजिन फिरवून दाखवलं. पाहणाऱ्यांत सागा संस्थानचे लोक होते. पुढच्या वर्षी, मार्च १८५४मध्ये, अमेरिकेच्या कमोडोर पेरीने योकोहामाला भेटवस्तूंमध्ये एक छोटी गाडी आणली. खऱ्या गाडीच्या पाव आकाराची, गोल रुळावर फिरणारी. डबा इतका लहान की आत माणूस मावेना. तेव्हा एक जपानी अधिकारी सरळ डब्याच्या टपावर बसला आणि झगा वाऱ्यावर उडवत ताशी वीस मैलांच्या वेगाने गोल गोल फिरला. अमेरिकन लोकांनी आपल्या वृत्तांतात हे जरा हसूनच लिहून ठेवलं आहे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्यातला कोण बसला नसता?

सागाचे लोक मात्र बघून थांबले नाहीत. १८५५ साली त्यांनी स्वतःचं इंजिन बनवलं. मद्यार्काच्या दिव्यावर पाणी तापवून चालणारं, टेबलावर मावेल एवढं. बनवणाऱ्यांत तानाका हिसाशिगे होता. हा मूळचा यांत्रिक बाहुल्या आणि घड्याळं करणारा कारागीर. त्याच्या कारखान्यातून पुढे तोशिबा कंपनी उभी राहिली. आपल्या देशात रेल्वे आली ती थेट पूर्ण आकाराची, साहेबाच्या मालकीची आणि साहेबाच्या मालासाठी. जपानात आधी माणसांनी ती हातात घेऊन उलटी करून पाहिली. खरी गाडी तिथे १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा धावली, तीही इंग्रज इंजिनियरांच्या मदतीने आणि इंग्लंडहून आणलेल्या इंजिनांवर. तरी मधली सतरा वर्षं फुकट गेली नसावीत असं माझं मत आहे. मत आहे, बाई. पुरावा मागू नका.

आता पत्र्याविषयी. जपानीत पत्र्याच्या खेळण्याला 'बुरिकी' म्हणतात. शब्द डच 'ब्लिक'वरून आला. जसा आपला पाव पोर्तुगीजांकडून आला आणि जपान्यांचा 'पान' हाही त्यांच्याकडूनच. दोघांनीही पाहुण्याच्या ताटातून उचललं आणि आपलं म्हणून वाढलं. बुरिकी म्हणजे लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा. आपल्याकडे कल्हईवाला पितळेच्या पातेल्याला करायचा तेच, फक्त कारखान्यात. कथील गेलं की लोखंड गंजतं. माझ्या छंदातलं निम्मं दुःख या एका वाक्यात आहे.

खेळणं बनवायची रीत अशी. आधी सपाट पत्र्यावर रंगीत चित्र छापायचं: खिडक्या, प्रवासी, रिव्हेटच्या रांगा, डब्याचं नाव, सगळं. मग ठशाने कापून, दाबून आकार द्यायचा. चित्र छापताना पत्रा कुठे किती ताणला जाणार हे आधीच ओळखून चित्र थोडं वाकडं काढावं लागतं, म्हणजे दाबल्यावर ते सरळ दिसतं. शेवटी कडेच्या लहान जिभा समोरच्या खाचेत घालून वाकवायच्या, झालं खेळणं. स्क्रू नाही, डाग नाही. तोक्योच्या पूर्वेकडे, सुमिदा नदीच्या आसपासच्या वस्त्यांत हा धंदा गल्लोगल्ली पसरला होता. एक ठसा मारणार, दुसरा चाकं बसवणार, जिभा वाकवायचं काम कुणाच्या तरी घरी बायका-मुलं करणार. इचलकरंजी-मालेगावच्या मागांचं गणित ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धाआधी जगात खेळणं म्हणजे जर्मनीचं. युद्धात जर्मन माल थांबला आणि ती जागा जपानी कारागिरांनी घेतली. वीस-बावीस वर्षं बरी गेली. मग जपान स्वतःच युद्धात उतरला आणि १९३८पासून खेळण्यासाठी धातू वापरायला बंदी आली. पोरांच्या गाड्यांचा पत्रा गेला तोफांकडे.

१९४५चा डिसेंबर. क्योतोजवळच्या ओत्सू गावात कोसुगे मात्सुझो नावाचा खेळणीवाला होता. युद्धामुळे तोक्योहून तिकडे गेलेला. पत्रा मिळत नव्हता, पण अमेरिकन छावणीबाहेर रिकाम्या डब्यांचे ढीग होते. ते डबे कापून, सरळ करून त्याने रस्त्यावर फिरणाऱ्या जीपची खेळणी केली. सांगतात की त्याच्याकडे माप घ्यायला पट्टीही नव्हती, उभ्या असलेल्या जीपचं माप त्याने हात पुसायच्या पंचाने घेतलं. क्योतोच्या मारुबुत्सु या मोठ्या दुकानात दहा येनला एक अशी ती विकायला ठेवली आणि लोकांनी रांगा लावल्या. शहरं जळालेली, पोटाला नाही, आणि बाप रांगेत उभा आहे पोरासाठी जीप घ्यायला. तीही ज्यांच्याकडून हरलो त्यांची जीप. या घटनेकडे मी अनेक वेळा परत गेलो आहे. नुसतं धंद्याचं डोकं म्हणून ती समजत नाही.

तिथून पुन्हा निर्यात सुरू झाली ती १९४७ साली. तेव्हापासून १९५२मध्ये अमेरिकन अंमल संपेपर्यंत बाहेर जाणाऱ्या पुष्कळशा मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं छापलेलं असे. ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं. आपल्या देशाचं नाव असं छापायची वेळ यावी! संग्रह करणारे आज हेच चार शब्द शोधत फिरतात, कारण त्यावरून खेळण्याचं वय पाच वर्षांच्या आत ठरतं. माझ्याकडे तसा एकच डबा आहे, मालगाडीचा. बाहेरून निळा. आतल्या बाजूला, अंधारात, दुसऱ्याच कसल्या तरी छपाईचा तुकडा दिसतो: दोन इंग्रजी अक्षरं आणि पिवळ्या पट्ट्याचा कोपरा. म्हणजे तो आधी खाण्यापिण्याचा डबा होता. आपल्या आयांनी डालडाचे डबे धान्याला वापरले, तिथे त्यांच्या गाड्या झाल्या. बाहेरची बाजू मी मऊ फडक्याने पुसतो. आतली कधीच पुसली नाही.

पन्नास-साठचं दशक हा या खेळण्यांचा भरभराटीचा काळ. एक डॉलरला ३६० येन असा भाव १९४९पासून बांधलेला होता, त्यामुळे जपानी खेळणं अमेरिकेत स्वस्त पडायचं. म्हणून तर माझ्या त्या तोजीच्या इंजिनावर गायी सारायची जाळी आणि गोरा ड्रायव्हर. तोक्योतल्या गल्लीत बसून माणसं कधी न पाहिलेल्या अमेरिकन पश्चिमेची गाडी छापत होती. आधी चावीची, मग घासून सोडायची, मग सेलवर चालणारी. भिंतीला धडकली की आपोआप दिशा बदलणारी, शिट्टी मारणारी, दिवा लावणारी. मासुदाया, नोमुरा, योनेझावा, बांदाई अशी घराणी होती. अनेकदा खेळण्यावर पूर्ण नाव नसतं, एखाद-दोन अक्षरांचा शिक्का असतो, तो नखाएवढा आणि नेमका गंजाच्या जागी.

चावीच्या स्प्रिंगला जपानीत 'झेंमाइ' म्हणतात. हे एका नेच्याचंही नाव आहे, त्याचा कोवळा कोंब गुंडाळलेला असतो, त्यावरून. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पत्र्याचा काळ कसा संपला तेही थोडक्यात. १९५९ साली तोक्योच्या तोमियामा कारखान्याने, म्हणजे आजच्या टोमी कंपनीने, निळ्या प्लॅस्टिकच्या रुळांचा संच काढला. आठ वाकडे रूळ जोडले की होणारा गोल जपानी घरातल्या बुटक्या जेवणाच्या टेबलावर मावावा, असा हिशेब होता. गाडी सुरुवातीला हाताने ढकलायची. १९६१मध्ये तिला मोटर आली. हीच प्लारेल. माझ्या मुलाने तिच्यावर बालपण काढलं. १९५९चा रूळ आजच्या रुळाला जोडता येतो, साठ वर्षं त्यांनी तो खटका बदलला नाही. आपल्याकडे मोबाइलच्या चार्जरचं तोंड दर तीन वर्षांनी बदलतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. पुढे १९६४मध्ये शिंकान्सेन धावली आणि पोरांना वाफेच्या इंजिनापेक्षा नाकाड बुलेट हवी झाली. १९७१मध्ये ३६०चा भाव सुटला, येन महाग झाला. पत्र्याच्या धारदार कडा आणि रंगातलं शिसं यांच्याविरुद्ध परदेशात नियम आले. स्वस्त माल हाँगकाँगकडे गेला. गल्ल्यांतले ठसे भंगारात निघाले.

मोठ्यांच्या मॉडेल गाड्यांचा इतिहास वेगळा, त्यावर इथे जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिथे एक सुंदर चूक आहे. खऱ्या जपानी रुळांची रुंदी १०६७ मिलिमीटर, गाडी ऐंशीपटीने लहान केली तर रूळ सव्वातेरा मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. पण मिळणारा रूळ साडेसोळाचा होता, म्हणून त्यावरच गाड्या बसवल्या. त्यामुळे हे इंजिन समोरून जरा फेंगडं दिसतं. यावर तिथले शौकीन अनेक दशकं भांडत आले आहेत. मी साडेसोळावाल्यांच्या बाजूने आहे. असलेल्या रुळावर गाडी चालवली हे मला बरं वाटतं.

योकोहामात दोन जागा बघण्यासारख्या. कितहारा तेरुहिसा यांचं १९८६ सालचं पत्र्याच्या खेळण्यांचं संग्रहालय, आणि २०१२मध्ये उघडलेलं हारा नोबुतारो यांचं रेल्वे मॉडेलचं संग्रहालय. हारा हे कोकुयो या वह्या-कागद बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. जन्मभर गाड्या जमवल्या आणि बनवल्या, सहा हजारांच्या आसपास. तुम्हाला कोकुयो ओळखीची वाटली असेल तर बरोबर आहे: आपल्या कंपासपेटीवरचा दांडेकरांचा कॅम्लिनचा उंट २०११पासून त्यांच्याच घरी आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे नातवंडांना घेऊन जाच. शंभर किलोमीटरचा इतिहास एका खोलीत चालतो.

आता दुरुस्तीविषयी. यात मी आधी एक मोठी चूक केली.

तोजीचं ते इंजिन मी घरी आणलं तेव्हा त्याच्या एका बाजूचा लाल रंग खरवडलेला होता. मला वाटलं, आपण यंत्रवाले, आपल्याला काय अवघड. पॉलिश पेपर मारला, इनॅमल रंग आणला, दोन हात दिले. आरशासारखं झालं. पुढच्या २१ तारखेला मोठ्या अभिमानाने ते त्या चटईवाल्या आजोबांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर केला, इंजिन फिरवून पाहिलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे आता तुमचं झालं." मी खूश होऊन वाकून आभार मानले. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली. ज्या माणसाने ते छापलं, ज्या पोराने ते खरवडलं, त्या दोघांना मी पॉलिश पेपरने घासून टाकलं होतं. ते इंजिन अजून माझ्याकडे आहे. आरशासारखं आहे. त्याची किंमत शून्य आहे.

तेव्हापासूनचे माझे नियम फार थोडे आहेत. छपाईला पाणी लावायचं नाही, साबण तर नाहीच. धूळ मऊ ब्रशने, नंतर अगदी हलकं मेण. जुना सेल आत फुटून खार चढला असेल तर आधी तो कुठल्या जातीचा सेल होता ते बघायचं: साध्या कार्बन सेलची गळती आंबट, तिला खायचा सोडा, अल्कलाइनची उलटी, तिला व्हिनेगर. चाकावरचं रबर वाळून दगड झालेलं असतं, ते बदलायला हरकत नाही, तो खाण्याचा जिन्नस आहे असं समजायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उघडल्याशिवाय काम होणार असेल तर उघडायचं नाही. पत्र्याची जीभ जन्मात दोन-तीन वेळा वाकते, पुढे तुटते. कारखान्यात एकदा वाकवली, मी उघडायला दुसऱ्यांदा, बंद करायला तिसऱ्यांदा. माझ्यानंतर कुणी उघडणार असेल तर त्याच्यासाठी मी काहीच शिल्लक ठेवलेलं नसतं. म्हणून उघडण्याआधी चार दिवस नुसता बघत बसतो. घरात याला आळस म्हणतात.

चावीचं यंत्र उघडताना आधी स्प्रिंग पूर्ण सैल करायची, जाड हातमोजे घालायचे. आवळलेली स्प्रिंग सुटली तर बोट कापते. आत बहुधा काहीही तुटलेलं नसतं. साठ वर्षांचं वंगण वाळून डिंक झालेलं असतं. पेट्रोलमध्ये धुतलं, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला की चाकं फिरतात. आणि लोक म्हणतात ना, 'जास्त चावी दिली म्हणून बिघडली', ते सहसा खरं नसतं. स्प्रिंग पूर्ण आवळली की चावी थांबते, बस. तिथे थांबलं पाहिजे. पुढे जोर लावला तर मात्र स्प्रिंगचं आतलं टोक आसाच्या आकड्यातून फाटून निघतं.

हे वाक्य लिहायला मला पन्नास वर्षं लागली.

सहावीची दिवाळीची सुट्टी. आपल्या वर्गातला एक जण, नाव लिहीत नाही, वाचताना त्याला कळेलच, लोको शेडजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याचे काका बोटीवर होते. त्यांनी तो पाच-सहा वर्षांचा असताना जपानहून त्याला चावीची आगगाडी आणली होती: काळं इंजिन, तीन डबे, गोल रूळ. तुमच्यापैकी ज्यांनी ती पाहिली आहे ते अजून विसरले नसतील. तो ती कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी तो पाणी आणायला आत गेला आणि मी चावी दिली. ती थांबली. मी आणखी जोर लावला. आतून 'टक्' असा आवाज आला आणि चावी माझ्या हातात सैल फिरायला लागली. तो बाहेर आला तेव्हा मी रुळाचे सांधे बघत बसलो होतो. संध्याकाळी त्याने चावी दिली, गाडी हलेना. त्याचे वडील शेडमध्ये फिटर होते, तापट माणूस. त्याने मार खाल्ला. मी फाटकापाशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी मी काही बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलायचं राहूनच गेलं. आठवीत त्याच्या वडिलांची बदली झाली.

तीन वर्षांपूर्वी आपला व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. मी माझ्या गाड्यांचे फोटो टाकले, त्यावर त्याचा मेसेज आला. आई गेल्यावर ट्रंकेत ते इंजिन सापडलं होतं. डबे आणि रूळ गेले, इंजिन राहिलं. "तू हे करतोस ना? बघ, चालतं का," असं लिहून त्याने ते कुरियरने पाठवलं. खोका उघडायला मी आठवडा लावला.

इंजिनाच्या पोटाखाली 'मेड इन जपान' आहे, 'ऑक्युपाइड' नाही, म्हणजे बहुधा १९५२च्या नंतरचं. कारखान्याचा शिक्का गंजात अर्धा गेला आहे. गंज मी काढला नाही. उलटं केल्यावर दिसलं की हे कुणीतरी आधी उघडलं होतं. चारपैकी एक जीभ तुटलेली, आणि तिच्या जागी डागाचा एक जाड, ओबडधोबड ठिपका. खेळण्याच्या कारखान्यात असा डाग देत नाहीत. हा मोठ्या लोखंडाला डाग द्यायची सवय असलेल्या हाताचा होता.

डागामुळे उघडणं भाग होतं, पण मी तो सोडवला नाही. बाकीच्या तीन जिभा उचलून पत्रा बिजागरीसारखा उघडला. आत झेंमाइ होती. तिचं आतलं टोक फाटलेलं होतं, मला माहीत होतं तसंच. पण फाटलेला भाग कुणीतरी कापून काढला होता. नवं टोक निळसर पडलेलं, म्हणजे भोक पाडण्याआधी ते तापवून नरम केलं होतं. कडक स्प्रिंगला थंड असताना भोक पाडायला गेलं तर ती तडकते; हे ज्याला ठाऊक त्यालाच हे सुचतं. त्यात एक स्वच्छ गोल भोक, आणि ते आसाच्या आकड्यात नीट बसवलेलं. मी जपानमध्ये अकरा वर्षं राहून जे शिकलो, ते काम तिथे आधीच झालेलं होतं. माझ्याहून चांगलं झालेलं होतं.

मी मित्राला फोन केला. आधी सगळं सांगून टाकलं, चावीचं, 'टक्' आवाजाचं, फाटकाचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, मार खाल्ला हे मला आठवतच नाही. दादा रात्री कंदिलाशी ते इंजिन घेऊन बसायचे, तेवढं आठवतं. चाललंही होतं नंतर. पण पहिल्यासारखं लांब जात नव्हतं." स्प्रिंग कापून आखूड झाली होती, लांब कशी जाणार? मी त्याला ते सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे दादांनी बरोबर केलं होतं?" मी म्हटलं, "अगदी बरोबर केलं होतं." मार खाल्ल्याचं मला स्वच्छ आठवतं, त्याला नाही. यातलं खरं काय मानायचं, ते बाईंना विचारीन म्हणतो.

मी फक्त वाळलेलं वंगण धुतलं आणि तेल दिलं. डागाचा ठिपका तसाच आहे. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाने फोटो पाहून सुचवलं की तो काढून मागची जीभ नव्याने बसवून देतो, मूळ रूप येईल. त्याला मी नको म्हणून कळवलं.

स्नेहमेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलाशेजारी एक छोटं टेबल मागून घेतलं आहे. रूळ माझे आहेत, वेगळ्या कारखान्याचे, सांध्यावर जरा धडधडतात. इंजिन त्याचं. पूर्ण चावी दिली तर ते सव्वादोन गोल फिरतं आणि थांबतं. चावी तो देईल असं ठरलं आहे.